विश्लेषण : परवानगी आहे, पण जागा नाही! ‘नामहरम’ स्त्री-पुरुषांच्या वावराबद्दल इस्लाम नेमके काय सांगतो?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमचा चार जणांचा प्रोजेक्ट ग्रुप होता. तीन मुलगे, एक मुलगी. ती खोपोलीहून यायची, मी पळसदरीहून चढायचो. गाडी एकच, ती लेडीज डब्यात आणि मी जनरलमध्ये. प्रोजेक्टचे काम संध्याकाळी लॅबमध्ये चालायचे. सातच्या सुमारास बाकीचे दोघे निघाले की तीही लगेच बॅग उचलायची. सर्किट अर्धवट, कोड अडकलेला, सबमिशन दोन दिवसांवर आणि ही निघाली. मी वैतागायचो. एकदा तोंडावर बोललोही, की काम टाळतेस. तिने शांतपणे सांगितले, ‘‘दार उघडं ठेव, पॅसेजमध्ये शिपाईकाका असू देत, मग मी उशिराच्या गाडीने जाते. दार बंद आणि आपण दोघंच, असं थांबणार नाही. तू आहेस म्हणून नाही, कोणीही असतं तरी.’’

त्यानंतर तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमचे काम आवडल्याचे सांगून एकेकाशी हात मिळवला. तिची पाळी आली तेव्हा तिने हात छातीशी नेला, मान झुकवून ‘‘थँक यू सर’’ म्हटले. पुढे आलेला हात हवेत राहिला. सर हसले, पण खोलीतले वातावरण बदलले ते बदललेच.

हे दोन्ही प्रसंग मी तेव्हा एकाच कप्प्यात टाकून दिले होते : ‘त्यांच्यात मुलींना फार बंधने असतात.’ पुढे डिजिटल डेस्कवर काम करताना न्यायालयीन बातम्या लिहायची वेळ आली. हाजी अली दर्गा, पुण्याच्या बोपोडीतील मशीद, मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाचे प्रतिज्ञापत्र. तेव्हा लक्षात आले, की आपण ज्याला सरसकट ‘बंधन’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी कसे वागावे याचा नियम. दुसरी म्हणजे त्या नियमाच्या नावाखाली बाईला जागाच न ठेवण्याची सवय. नियम धर्मग्रंथात आहे. सवयीला तिथे फारसा आधार सापडत नाही.

महरम कोण, नामहरम कोण?

ज्यांच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे असे नातलग म्हणजे महरम. बाकी सगळे नामहरम. कुराणाच्या चौथ्या सूरेतील (अन-निसा) २३व्या आयतीत ही यादी येते. बाईच्या बाजूने पाहिले तर वडील, आजोबा, मुलगा, भाऊ, काका, मामा, पुतण्या, भाचा, सासरा, जावई हे महरम. लहानपणी एखाद्या बाईने अंगावर दूध पाजले असेल तर ती दूधआई आणि तिची मुले दूधभावंडे, तीही महरम. म्हणजे नाते रक्ताचेच हवे असे नाही.

मराठी वाचकाला खरा धक्का पुढे बसतो. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ हे महरम नाहीत, कारण त्यांच्याशी विवाह होऊ शकतो. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत होती व आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नसावी. पण ज्याला आपण ‘भाऊच की’ म्हणतो, तो या हिशेबात परपुरुष ठरतो.

त्याहून मोठी गंमत दिराची. दीर आणि नणदेचा नवरा दोघेही नामहरम. पुरुषाच्या बाजूने मेहुणी आणि भावजय. आपल्याकडे हीच नाती थट्टामस्करीची. हदीसमध्ये मात्र सर्वात कडक शब्द वापरले आहेत ते नवऱ्याच्या बाजूच्या या पुरुष नातलगांबद्दल. त्यांच्याबाबत विचारले असता प्रेषित मोहम्मद पैगंबरांनी तो धोका थेट मृत्यूसारखा असल्याचे सांगितल्याची नोंद बुखारी आणि मुस्लीम या दोन्ही प्रमुख हदीससंग्रहांत आहे. कारण समजण्यासारखे आहे. अनोळखी माणसापासून आपण सावध असतोच, घरात सहज ये-जा करणाऱ्यावर कोणाचे लक्ष नसते. लैंगिक छळाच्या बातम्या हाताळणाऱ्या कोणत्याही वार्ताहराला हे निरीक्षण पटेल. पण जाहीर चर्चा कशावर होते? कॉलेजातल्या मित्रावर, ऑफिसातल्या सहकाऱ्यावर. घरातल्या दिरावर प्रवचन झालेले निदान माझ्या कानावर आलेले नाही.

मग बोलायचेच नाही का?

असे कुठे म्हटलेले दिसत नाही. कुराणाच्या २८व्या सूरेत (अल-कसस) पैगंबर मूसा यांची एक गोष्ट आहे. इजिप्तमधून पळालेले मूसा मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचतात. मेंढपाळांची गर्दी असते. दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या असतात. मूसा त्यांना विचारतात, काय अडचण आहे? त्या सांगतात, हे मेंढपाळ गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही आणि आमचे वडील फार म्हातारे आहेत. मूसा त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन बसतात. थोड्या वेळाने त्यातली एक लाजत चालत येते आणि वडिलांनी बोलावल्याचा निरोप देते. पुढे तीच वडिलांना सुचवते, की या माणसाला कामावर ठेवा, हा ताकदवान आहे आणि विश्वासूही.

परका पुरुष, परक्या मुली, सार्वजनिक जागा, थेट संवाद. उन्हाळ्यात आमच्या भागातल्या वाड्यांवर टँकरभोवती जी गर्दी होते ती पाहिलेल्याला हे दृश्य लगेच कळेल. बोलणे कामापुरते आहे, मदत आहे, आगाऊपणा नाही. अभ्यासक हा प्रसंग नेहमी देतात तो याचसाठी.

नियम म्हणून जे सांगितले जाते त्याची सुरुवात नजरेपासून होते. २४व्या सूरेतील (अन-नूर) ३०वी आयत पुरुषांना उद्देशून आहे : नजर खाली ठेवा, शील जपा. त्यानंतरची ३१वी आयत स्त्रियांना तेच सांगते आणि पुढे ओढणी, दागिने, कोणासमोर मोकळे वावरता येईल वगैरे तपशिलात जाते. क्रम लक्षात घ्या. आधी पुरुष. प्रत्यक्षात ३१व्या आयतीवर भाषणे होतात आणि ३०वी आयत वाचून पुढे जाण्यापुरती उरते. ही तक्रार मुस्लीम महिला कार्यकर्त्यांच्या बोलण्यात वारंवार येते.

दुसरी गोष्ट बोलण्याचा सूर. ३३व्या सूरेत (अल-अहजाब) लाडिक सुरात बोलू नका, सरळ आणि योग्य ते बोला, असे सांगितले आहे. ही आयत प्रेषितांच्या पत्नींना उद्देशून आहे, पण अनेक विद्वान ती सर्व स्त्रियांना लागू करतात. ‘योग्य ते बोला’ म्हटले म्हणजे बोलणे गृहीतच धरले आहे. याच सूरेत प्रेषितांच्या घरी काही मागायचे असेल तर पडद्याआडून मागा, अशीही आयत आहे. ती फक्त त्या घरापुरती की सगळ्यांना, यावर शतकानुशतके वाद आहे. कडक आणि सैल अशा दोन परंपरा इथूनच फुटतात.

तिसरी गोष्ट एकांत. अरबी-उर्दूत खल्वत. नामहरम स्त्री-पुरुषांनी बंद जागेत, जिथे दुसरे कोणी येणार नाही अशा ठिकाणी, एकट्याने असू नये. हदीस स्पष्ट आहे आणि सर्व प्रमुख पंथ यावर एकमत आहेत. माझ्या मैत्रिणीचे उघडे दार म्हणजे नेमके हेच. दार उघडे, बाहेर माणूस, की खल्वत संपली. तिने काम टाळले नव्हते. कोणत्या अटीवर काम करता येईल ते सांगितले होते आणि मी अट ऐकलीच नव्हती. आज अनेक कंपन्यांत केबिनची दारे काचेची असतात, तेव्हा आपण त्याला धोरण म्हणतो.

इतिहासही बोलका आहे. हजरत खदीजा व्यापारी होत्या आणि विवाहापूर्वी मोहम्मद त्यांच्या मालाची वाहतूक व विक्री पाहत. हजरत आयेशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत आणि त्यांच्याकडून शिकणाऱ्यांत पुरुष होते. मदिनेतील स्त्रियांनी एकदा प्रेषितांकडे तक्रार केली, की पुरुषांच्या गर्दीत आम्हाला तुमचा वेळ मिळत नाही, आमच्यासाठी वेगळा दिवस ठरवा. त्यांनी ठरवला. वेगळेपणाची मागणी इथे बायकांकडून आली आणि तिच्यामुळे शिक्षण वाढले, कमी झाले नाही.

हस्तांदोलन का नको?

स्पर्शाबाबत नियम जास्त कडक आहेत. स्त्रियांकडून निष्ठेची शपथ घेताना प्रेषितांनी कधी कोणा स्त्रीच्या हाताला स्पर्श केला नाही, फक्त शब्दांवर शपथ घेतली, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याची नोंद आहे. त्यामुळे परंपरेने चारही सुन्नी पंथांत तरुण नामहरम स्त्री-पुरुषांनी हात मिळवणे निषिद्ध मानले गेले. काही आधुनिक विद्वान, वासनेचा हेतू नसेल आणि समोरच्याने हात पुढे केला असेल तर, सवलत देतात.

कोकणात यात आणखी एक पदर आहे. रायगड-रत्नागिरीचे कोकणी मुस्लीम प्रामुख्याने शाफई परंपरा मानतात. घाटावरचे आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. शाफई मतानुसार नामहरम स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा थेट स्पर्श झाला तरी वजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, सुटते. नवरा-बायकोचा स्पर्शही त्यात आला. हनफी मतानुसार नुसत्या स्पर्शाने वजू सुटत नाही. म्हणजे दुपारची नमाज अजून व्हायची असलेल्या कोकणी माणसाने हात मागे घेतला तर त्यामागे इतके साधे, व्यवहारी कारण असू शकते. त्यात समोरच्याला अपवित्र मानणे नाही. आपल्याकडे स्पर्श टाळणे म्हटले की लगेच अस्पृश्यतेची आठवण येते आणि तो जुना घाव दुखतो. हे अगदी स्वाभाविक आहे. पण इथला नियम जातीवर किंवा धर्मावर चालत नाही. तो चुलतभावालाही लागू आहे.

हज यात्रेत मात्र काबाभोवतीच्या प्रदक्षिणेत स्त्री-पुरुष एकाच प्रवाहात चालतात, गर्दीत स्पर्श टळत नाही. तिथे अनेक शाफई यात्रेकरू तेवढ्यापुरते दुसऱ्या पंथाचे सैल मत स्वीकारतात. नियमाला वाकण्याची सोय नियमातच आहे, हे इंजिनीअरच्या डोक्याला बरे वाटते.

हाजी अलीत काय ठरले?

पळसदरीला रुळांचे दोन फाटे होतात. एक खोपोलीला जाऊन थांबतो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्यामार्गे पुण्याला. या पुण्याच्या मार्गाच्या दोन टोकांना दोन खटले उभे राहिले आणि दोन्हींत प्रश्न एकच होता : वेगळे ठेवायचे म्हणजे बाहेर ठेवायचे का?

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात स्त्रिया पूर्वी मजारीपर्यंत जात होत्या. नंतर विश्वस्तांनी गाभाऱ्यात प्रवेश बंद केला. भारतीय मुस्लीम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या. पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणे इस्लाममध्ये पाप आहे, शिवाय गर्दीत महिलांची छेडछाड होऊ शकते, अशी बाजू ट्रस्टने मांडली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. घटनेच्या १४, १५ आणि २५ या अनुच्छेदांचा तो भंग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

निकालातला एक मुद्दा बातम्यांत मागे पडला. छेडछाड रोखायची तर जरूर रोखा, पण त्यासाठी प्रवेशबंदी नको, पूर्वीसारख्या स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा करा, असे न्यायालयाने सुचवले होते. न्यायालयाचा रोख एकत्र उभे राहण्याच्या सक्तीवर नव्हता. वेगळी रांग चालेल, पण रांग असलीच पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात पुरुषांइतकाच प्रवेश महिलांना देण्याची तयारी दाखवली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस महिला पुन्हा आत गेल्या.

बोपोडीचा प्रश्न आणि बोर्डाचे उत्तर

दुसरे टोक पुणे. बोपोडीतील मशिदीत पत्नीला नमाज पढू द्यावी अशी विनंती एका दाम्पत्याने, यास्मीन आणि झुबेर पीरजादे यांनी केली. ती मान्य झाली नाही. २८ सप्टेंबर २०१८ चा शबरीमला निकाल ताजा होता. दाम्पत्य सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ एप्रिल २०१९ रोजी न्या. शरद बोबडे आणि न्या. अब्दुल नझीर यांच्या खंडपीठाने, केवळ शबरीमला निकालामुळे आम्ही हे ऐकत आहोत, असे सांगत नोटिसा काढल्या. मशीद म्हणजे काही सरकार नाही, मग समानतेचा हक्क तिच्याविरुद्ध कसा मागणार, असा प्रश्नही खंडपीठाने केला. तो अवघड प्रश्न आहे, हे मान्यच करावे लागेल. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी शबरीमलाचा फेरविचार करणाऱ्या पाच न्यायमूर्तींनी ३ विरुद्ध २ मतांनी धर्मस्वातंत्र्याचे व्यापक मुद्दे मोठ्या खंडपीठाकडे सोपवले. त्यात मुस्लीम महिलांच्या मशीद प्रवेशाचाही उल्लेख होता.

मग जानेवारी २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्र दिले. ते वाचून अनेकांना आश्चर्य वाटले. महिलांना मशिदीत नमाज पढण्यास इस्लामची परवानगी आहे, याच्या विरुद्ध काही फतवा असेल तर तो दुर्लक्षावा, असे त्यात होते. फक्त जमातीत किंवा शुक्रवारच्या नमाजला येणे पुरुषांसारखे त्यांच्यावर बंधनकारक नाही. पुण्यातील वकील फरहा अन्वर हुसेन शेख यांच्या वेगळ्या याचिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये बोर्डाने हीच भूमिका पुन्हा मांडली आणि एक अट स्पष्ट केली : स्त्री-पुरुषांची मुक्त सरमिसळ नको. मक्केतही नमाज सुरू होताच स्त्री-पुरुष वेगळे होतात, असा दाखला दिला. नव्या मशिदी बांधताना महिलांसाठी जागेचा विचार करावा, असे आवाहनही समाजाला केले.

बोर्डाची भूमिका हदीसशी जुळते. अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, ही हदीस प्रसिद्ध आहे. प्रेषितांच्या मशिदीत पुढे पुरुषांच्या आणि मागे स्त्रियांच्या रांगा असत, हेही नोंदलेले आहे. एकच छत, वेगळ्या रांगा. पुढच्या काळात, विशेषतः हनफी विद्वानांनी, काळ बिघडला आहे, फितना म्हणजे मोहाची भीती आहे, असे म्हणत तरुण स्त्रियांना घरीच नमाज पढण्याचा सल्ला दिला. आज स्त्रिया जसे वागतात ते प्रेषितांनी पाहिले असते तर त्यांनी मनाई केली असती, या अर्थाचे हजरत आयेशा यांचे उद्गार त्यासाठी आधार म्हणून दिले जातात. सल्ल्याची रीत झाली, रीतीचा नकाशा झाला. मशिदी बांधताना बायकांची बाजूच आराखड्यातून गेली.

म्हणून कागदावरची परवानगी फार लांब जात नाही. आमच्या गाडीचे उदाहरण घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डबा आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर संपूर्ण गाडीच महिलांसाठी सुरू झाली. कोणी त्याला मागासलेपणा म्हणत नाही, कारण डबा बाईला गाडीत आणतो. आता कल्पना करा, की रेल्वेने जाहीर केले : महिलांना प्रवासाची पूर्ण परवानगी आहे, फक्त पुरुषांच्या डब्यात बसायचे नाही, आणि लेडीज डबा आम्ही लावलेला नाही. बहुसंख्य मशिदींबाबत मुस्लीम महिलेची आज हीच स्थिती आहे. ‘सरमिसळ नको’ हा नियम तिने मान्य केला तरी तो पाळायला लागणारा जिना, वजूचे नळ, स्वच्छतागृह आणि एक खोली कोणी बांधायची? नियम दोघांचा आणि त्याची किंमत एकटीने मोजायची, हे मला पटत नाही. केरळमध्ये काही संघटनांच्या मशिदींत महिला नियमित येतात, म्हणजे हे काही अशक्य बांधकाम नव्हे.

एकच शब्द, दोन टोके

स्त्री-पुरुषांच्या सरमिसळीला फिकहमध्ये ‘इख्तिलात’ म्हणतात. या अर्थाने हा शब्द कुराणात येत नाही, तो नंतरच्या चर्चेत रुळला. त्यामुळे तो रबरासारखा ताणता येतो. सौदी अरेबियात २००९ मध्ये राजे अब्दुल्ला यांच्या नावाचे विद्यापीठ स्त्री-पुरुषांसाठी एकत्र सुरू झाले. एका वरिष्ठ धर्मगुरूने टीका केली, तर त्यांनाच ज्येष्ठ विद्वानांच्या मंडळातून जावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये उपाहारगृहांना वेगळी प्रवेशद्वारे ठेवण्याची सक्ती तिथे संपली. त्याच शब्दाचा आधार घेत डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात मुलींची विद्यापीठे बंद केली. वर्गात सरमिसळ होते, हे दिलेल्या कारणांपैकी एक होते. मुळात तिथे वर्ग आधीच वेगळे केलेले होते. वेगळे केले तरी पुरेसे नाही, मग नकोच, असा तो प्रवास.

भारतात उलटे उदाहरण हजचे. महरम पुरुषाशिवाय बाईने दूरचा प्रवास करू नये, असा जुना नियम. २०१८ पासून भारताच्या हज धोरणाने ४५ वर्षांवरील महिलांना किमान चौघींच्या गटाने महरमशिवाय जाण्याची मुभा दिली. शाफई परंपरेत विश्वासू स्त्रियांच्या सोबतीने हजला जाण्याला आधीपासून मान्यता होती, हे कोकणाच्या दृष्टीने महत्त्वाचे. २०२३ मध्ये अशा चार हजारांहून अधिक भारतीय महिला हजला गेल्या. प्रवास सुरक्षित व्हावा हा नियमाचा हेतू होता. तो दुसऱ्या मार्गाने साधला.

महाराष्ट्रात या प्रश्नांवर दोन वेगळ्या वाटांनी काम झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लीम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांचा भर धर्मग्रंथाच्या अर्थापेक्षा नागरिक म्हणून समान हक्कांवर होता. असगर अली इंजिनीअर यांनी मात्र कुराणातूनच स्त्रीच्या बाजूचा अर्थ काढला. (आडनावाप्रमाणे ते खरेच स्थापत्य अभियंता होते, मुंबई महापालिकेत वीस वर्षे नोकरी केली. आमच्या बिरादरीचा अभिमान म्हणून सांगितले.) न्यायालयात आज जे युक्तिवाद होतात त्यात दोन्ही धारा मिसळलेल्या दिसतात.

कॉलेज, ऑफिस, व्हॉट्सॲप

रोजच्या व्यवहारात मात्र न्यायालय येत नाही. वर्गमित्राशी नोट्सबद्दल बोलणे, डॉक्टरकडे जाणे, बँकेतील कर्मचाऱ्याशी व्यवहार करणे याला बहुतेक मौलाना हरकत घेत नाहीत. अटी त्याच : गरज, सभ्य भाषा, एकांत नको. रात्री उशिरापर्यंतचे खासगी चॅट हा खल्वतचा प्रकार आहे का, हा प्रश्न आजच्या मुफ्तींकडे सतत येतो आणि उत्तरे एकसारखी नाहीत. ग्रुपवर कामाचे बोला, खासगीत गप्पा नकोत, असा मध्यम सल्ला बरेच जण देतात. तो नियम धर्म बाजूला ठेवूनही अनेक ऑफिसांना उपयोगी पडावा.

काळजी वेगळ्याच ठिकाणी आहे. आमच्या भागातून अकरावीनंतर शिकायचे म्हणजे लोकलने कर्जत, खोपोली, नाहीतर थेट बदलापूर-कल्याण गाठायचे. प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल, इंटर्नशिप, सगळे मिश्र. घरच्यांना ‘इख्तिलात’ची भीती वाटली की सोपा उपाय एकच दिसतो, मुलीचे नाव काढून घेणे. मुलाचे नाव याच कारणाने काढल्याचे मी तरी ऐकलेले नाही. नजर खाली ठेवण्याची आयत त्याला आधी उद्देशून असूनही.

कॉलेज काय करू शकते? प्रयोगशाळा उशिरापर्यंत चालणार असेल तर एक कर्मचारी थांबवणे. प्रोजेक्टच्या बैठकी ग्रंथालयात घेणे. ग्रुपमध्ये एकाऐवजी दोन मुली ठेवणे. यातली एकही गोष्ट ‘धार्मिक सवलत’ नाही, कोणत्याही मुलीचे पालक याने निश्चिंत होतील. आणि आपण काय करू शकतो? समोरची व्यक्ती हात पुढे करते का ते आधी पाहायचे. नाही केला तर नमस्कार आपल्याकडे आहेच.

हा लेख लिहिण्याआधी त्या मैत्रिणीला फोन केला. ती आता पुण्यात आयटी कंपनीत आहे, टीममध्ये सात पुरुष आणि दोन बायका. दुपारच्या नमाजसाठी ती रोज वीस मिनिटे एक छोटी मीटिंग रूम बुक करते, कॅलेंडरमध्ये ‘कॉल’ असे लिहून. टीमला माहीत आहे, कोणी काही म्हणत नाही. मशीद तिच्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर आहे. तिने तिथे विचारले होते. नाही कोणी म्हटले नाही. बायकांसाठी वर जायला वेगळा जिना नाही, तो झाला की या, असे सांगितले. त्याला तीन वर्षे झाली.